निमे पाचशे, त्याचे दुप्पट एक हजार : जालन्याच्या पेढीपासून ईडीआयपर्यंत

१/
जुन्या हुंडीवर रक्कम कशी लिहीत, हे कधी बारकाईने पाहिले आहे का? हुंडी एक हजाराची असेल तर आधी आकडा, मग तोच आकडा अक्षरांत, आणि त्यापुढे 'निमे रुपये पाचशे, त्याचे दुप्पट पुरे एक हजार' अशा अर्थाचा मजकूर. एकच रक्कम तीन वेळा, आणि त्यातही एकदा अर्धी करून. मोडी किंवा महाजनी लिपी शिकू लागलेल्या कोणालाही हा प्रथमदर्शनी पाल्हाळ वाटतो. वस्तुतः ते कुलूप होते. हजारापुढे एक शून्य वाढवणे सोपे. परंतु मग पाचशेही बदलावे लागणार, अक्षरेही बदलावी लागणार, आणि एवढी खाडाखोड पेढीवरच्या मुनिमाच्या नजरेतून सुटणे कठीण.

२/
आजचा धागा या 'निमे'च्या वंशजाविषयी आहे. त्याचे आजचे नाव इलेक्ट्रॉनिक डेटा इंटरचेंज, व्यवहारात ईडीआय. दोन स्वतंत्र संस्थांचे संगणक खरेदीचा आदेश, बीजक, मालाची यादी किंवा सीमाशुल्काचे घोषणापत्र ठरलेल्या साच्यात परस्परांकडे पाठवतात आणि मध्ये कोणालाही ते पुन्हा टंकित करावे लागत नाही, याला ईडीआय म्हणतात. बीजकाची पीडीएफ ईमेलला जोडून पाठवली तर तो ईडीआय होत नाही, कारण पलीकडे कोणीतरी ती डोळ्यांनी वाचून आकडे पुन्हा भरणारच असते.

इतिहासाच्या धाग्यांमध्ये हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. जालना, अंबड, परतूर, मंठा या भागांतून पदवी घेऊन वाळूज, शेंद्रा, पुणे किंवा न्हावा-शेवा गाठणाऱ्या तरुणांपैकी काहीजण आज याच कामात आहेत. घरच्यांना ते 'कंपनीत संगणकावर काम' एवढेच सांगू शकतात. या कामाला किमान काही शतकांचा पूर्वेतिहास आहे आणि त्याचा एक चांगला तुकडा जालन्यातच सापडतो.

३/
'जालना सोने का पालना' ही म्हण मराठवाड्यात सर्वांना ठाऊक आहे. कुंडलिकेच्या काठावरचे हे शहर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कापसाची मोठी पेठ होते. सरकी काढण्याचे आणि गासड्या बांधण्याचे कारखाने येथे उभे राहिले. ही पेठ निजामाच्या राज्यात होती आणि तिचा कापूस मुंबईला, म्हणजे इंग्रजी मुलखात जाई. आज आपण जालना ते मुंबई हा एकाच राज्यातला प्रवास समजतो. तेव्हा तो दोन सत्तांमधला व्यवहार होता.

हैदराबाद संस्थानाचे स्वतःचे जकात खाते होते. त्याला करोडगिरी म्हणत. संस्थानात येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या मालावर सर्वसाधारणपणे शेकडा पाच या दराने कर बसे. शेजारचा बुलढाणा वऱ्हाडात, आणि वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजी कारभाराखाली. त्यामुळे आजच्या जालना जिल्ह्याच्या पूर्वेची कड ही कारभाराचीही सीमा होती. जालन्याला सीमाशुल्काची कागदपत्रे ड्राय पोर्टच्या चर्चेमुळे प्रथमच कळली, असा समज कोणी करून घेऊ नये.

४/
आता त्या काळातील एखाद्या आडत दुकानाच्या दिवाणजीची कल्पना करा. त्याच्यासमोरचा प्रश्न केवळ हिशेबाचा नव्हता. संस्थानात चालणारे नाणे हाली सिक्का, मुंबईत चालणारे कलदार. साधारणपणे सात हाली म्हणजे सहा कलदार. संस्थानाच्या दफ्तरात फसली सन, मुंबईच्या पत्रावर इसवी सन, मारवाडी पेढीच्या वहीत विक्रम संवत, घरच्या पंचांगात शालिवाहन शक. मण आणि खंडी ही मापे नावाने तीच, परंतु दर पेठेगणिक वजनाने निराळी. सरकारी भाषा प्रथम फारसी व नंतर उर्दू, पेढीची महाजनी किंवा मोडी, मुंबईच्या कंपनीची इंग्रजी.

एकाच कापसाच्या गासडीचे हे चार-पाच अवतार परस्परांशी जुळवून ठेवणे, हे दिवाणजीचे काम. ईडीआयच्या परिभाषेत यालाच 'मॅपिंग' म्हणतात : अमुक कंपनीच्या संगणकातील हा रकाना म्हणजे तमुक कंपनीच्या संगणकातील तो रकाना, अशी जुळणी. ज्याने हाली आणि कलदार यांचा मेळ घातला, त्याला ही कल्पना समजावून सांगावी लागली नसती.

५/
याच जुळणीचे लोखंडातले रूप मनमाडला होते. १९०० च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे सुरू झाली आणि जालना आगगाडीने मनमाडशी जोडले गेले. परंतु हा मार्ग मीटर गेज, आणि मनमाडहून मुंबईकडे जाणारा ब्रॉडगेज. परिणामी जालन्याहून निघालेली प्रत्येक गासडी मनमाडला एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावी लागे. वेळ जाई, हमाली पडे, माल फुटे, नगांची संख्या चुके. १९९० च्या दशकात रुंदीकरण होईपर्यंत ही अडचण कायम होती. रुळांची रुंदी एकच असावी हे सर्वांना पटते, फक्त ती कोणाची असावी यावर एकमत होत नाही. ईडीआयच्या मानकांचा सारा इतिहास याच भांडणाचा आहे.

६/
पुन्हा हुंडीकडे येऊ, कारण खरे शहाणपण तिच्यात आहे. दाखवताच पैसे द्यायची ती दर्शनी. ठरावीक दिवसांनी द्यायची ती मुदती. वाटेल त्याला न देता पेठेत पत असलेल्या शहालाच द्यायची ती शहाजोग. मालाच्या जोखमीशी बांधलेली ती जोखमी : माल सुखरूप पोहोचला तरच रक्कम देय. हुंडी वाटेत गहाळ झाली तर दुसरी प्रत निघे, तिला 'पेठ' म्हणत. तीही हरवली तर तिसरी, 'परपेठ'. आणि हुंडी सकारून, वटवून, पैसे चुकते झाले की तो कागद रद्द होऊन 'खोखा' बनत असे. खोखा जपून ठेवला जाई, कारण व्यवहार पूर्ण झाल्याचा पुरावा तोच.

परस्परांना कधीही न पाहिलेल्या दोन माणसांमध्ये पैसा हलवणारी ही यंत्रणा होती. कागद खरा आहे का, पोहोचला का, समजला का, मान्य झाला का, पुरा झाला का, या प्रत्येक प्रश्नाला तिच्यात स्वतंत्र खूण होती. माझ्या मते ईडीआय शिकू पाहणाऱ्याने संगणकाच्या पुस्तकाआधी हुंडीचा एक नमुना वाचावा.

७/
येथे एक कडू गोष्टही नोंदवायला हवी. ही विद्या सर्वांसाठी खुली नव्हती. दफ्तराची मोडी आणि पेढीची महाजनी बहुतांशी ठरावीक जातींच्या घरांतच वडिलांकडून मुलाकडे जात असे. कापूस पिकवणाऱ्या कुणब्याला स्वतःच्या मालाचा कागद वाचता येत नसे, आणि वाचता न येणे हेच अनेकांच्या कर्जाचे मूळ होते. स्त्रियांचा तर या खोलीत प्रवेशच नव्हता. करिअरचे लाभ-तोटे मोजताना मी हा मुद्दा सर्वांत वर ठेवतो. त्याकडे पुढे परत येऊ.

८/
मग तार आली. १८७० साली समुद्राखालील तारेने मुंबई इंग्लंडशी जोडली गेली आणि लिव्हरपूलचा कापसाचा भाव महिन्यांऐवजी तासांत कळू लागला. परंतु तारेला दर शब्दामागे पैसे पडत, म्हणून व्यापाऱ्यांनी सांकेतिक शब्दांचे कोश वापरायला सुरुवात केली. एका शब्दात आख्खे वाक्य. खर्च वाचला, परंतु 'निमे'ची सोय गेली.

याचे फळ काय, हे अमेरिकेतील एका खटल्यात दिसते. १८८७ साली फिलाडेल्फियाच्या प्रिमरोझ नावाच्या लोकर व्यापाऱ्याने कॅन्सासमधील आपल्या माणसाला सांकेतिक तार केली. तीत 'बे' हा शब्द होता. त्यांच्या कोशात त्याचा अर्थ 'मी खरेदी केली आहे'. वाटेत एक अक्षर बदलून तो 'बाय' झाला. तिकडच्या माणसाने आज्ञा समजून लोकर खरेदी करीत सुटावे, यात नवल नाही. नुकसान वीस हजार डॉलरांहून अधिक. तार उलट वाचून घेऊन पडताळण्याची सोय जादा पैसे देऊन मिळत होती. ती त्याने घेतली नव्हती. १८९४ साली सर्वोच्च न्यायालयाने वेस्टर्न युनियन कंपनीला मोठ्या भरपाईतून मोकळे केले. व्यापाऱ्याच्या वाट्याला तारेचे शुल्क तेवढे आले : एक डॉलर पंधरा सेंट.

संदेश पाठवला म्हणजे तो पोहोचला असे नाही, आणि पोहोचला म्हणजे जसाच्या तसा पोहोचला असेही नाही.

९/
ईडीआयच्या जन्मकथेत १९४८ हे वर्ष महत्त्वाचे, आणि योगायोग असा की मराठवाड्यासाठीही तेच. जून १९४८ मध्ये सोव्हिएत संघाने पश्चिम बर्लिनची नाकेबंदी केली. पुढील मे महिन्यापर्यंत नाकेबंदी राहिली, आणि विमानांनी त्या शहराला सुमारे तेवीस लाख टन माल पुरवला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाचे शासन संपले तेव्हा तिकडे बर्लिनवर विमाने घिरट्या घालीत होती.

त्या पुरवठ्यात एक अडचण वेगळीच होती. मालाच्या याद्या निरनिराळ्या नमुन्यांत आणि निरनिराळ्या भाषांत येत, आणि कोणत्या विमानात काय आहे याचा मेळ लागेना. एडवर्ड गिल्बर्ट या अमेरिकी लष्करातील सार्जंटने सहकाऱ्यांसह एक सामाईक यादीचा नमुना तयार केला. टेलेक्स, रेडिओ-टेलिटाइप किंवा दूरध्वनी, कोणत्याही मार्गाने तो पाठवता येई. गिल्बर्ट पुढे ड्यू पाँ या रसायन कंपनीत गेला आणि तीच कल्पना त्याने व्यापारात आणली. आज त्याला ईडीआयचा जनक मानतात. या क्षेत्राचा आद्यपुरुष सेनापती किंवा गणिती नसून मालाच्या याद्या सांभाळणारा सार्जंट होता, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

१०/
पुढची पन्नास वर्षे भराभर ओलांडू. १९६८ साली अमेरिकेत वाहतूक कंपन्यांची मानक ठरवणारी समिती, १९७५ मध्ये तिची पहिली प्रमाणे, १९७९ मध्ये एक्स-१२ समिती. युरोपची वाट वेगळी. संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली एडीफॅक्ट हे मानक तयार झाले आणि १९८७ मध्ये त्याच्या वाक्यरचनेला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. म्हणजे पुन्हा दोन रुंदीचे रूळ. भारतात सीमाशुल्क खात्याने १९९५ साली दिल्लीत प्रायोगिक स्वरूपात ईडीआय प्रणाली सुरू केली आणि त्याच वर्षी आयातीचे घोषणापत्र संगणकीय पद्धतीने देण्याचे नियम आले. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला आणि इलेक्ट्रॉनिक नोंदीला कागदाच्या बरोबरीचे कायदेशीर स्थान मिळाले.

११/
आता 'निमे' कुठे आहे ते पाहा. एक्स-१२ मध्ये प्रत्येक दस्तऐवजाला क्रमांक असतो : ८५० म्हणजे खरेदीचा आदेश, ८५६ म्हणजे माल निघाल्याची आगाऊ सूचना, ८१० म्हणजे बीजक. दस्तऐवज ओळीमागून ओळ असा येतो आणि अगदी शेवटच्या ओळीत लिहिलेले असते की यात एकूण इतक्या ओळी आहेत. पलीकडचा संगणक ओळी मोजतो. संख्या जुळली नाही तर तो कागद नाकारतो. एडीफॅक्टमध्येही शेवटी हीच मोजणी.

दस्तऐवज पोहोचला की उलट ९९७ क्रमांकाची पोच येते. नवशिक्यांची पहिली गफलत येथेच होते. ९९७ चा अर्थ एवढाच की संदेशाची रचना बरोबर आहे. आदेश मान्य असल्याचे सांगणारा कागद वेगळा, क्रमांक ८५५. पेढीच्या भाषेत सांगायचे तर हुंडी हातात पडली, परंतु ती अजून सकारलेली नाही. पोच आली म्हणून उत्पादन सुरू करणाऱ्याची गत प्रिमरोझच्या माणसासारखी होऊ शकते.

१२/
आजच्या जालन्यात हे कुठे दिसते? १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली आणि शहराची ओळख बियाण्यांशी जोडली गेली. त्याच्या जोडीला भंगार वितळवून सळई करणारे पोलाद कारखाने वाढले. डिसेंबर २०१५ मध्ये जालन्याजवळ ड्राय पोर्टचे भूमिपूजन झाले. कल्पना अशी की बंदरावरची सीमाशुल्काची कामे समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत उरकावीत. काम अपेक्षेपेक्षा बरेच रेंगाळले आणि प्रकल्पाचे रूपही बदलत गेले. त्याच्या कितीतरी आधीपासून दौलताबादच्या किल्ल्याजवळ माळीवाड्याला कंटेनर डेपो आहे. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाडपंत याला परंपरा मोडी लिपीचे श्रेय देते. अभ्यासकांना ते मान्य नाही. परंतु त्याच किल्ल्याच्या सावलीत आज कंटेनरचे संदेश ये-जा करतात, हे पाहून तो खूश झाला असता.

समुद्र नसलेल्या गावात बंदर येऊ शकते, कारण बंदराचा मोठा भाग कागद आहे. माल रुळावरून किंवा रस्त्याने येतो. त्याच्या आधी संदेश यावा लागतो.

१३/
आयात भंगाराचा एक कंटेनर घ्या. लोखंडी भंगाराचा वर्ग-क्रमांक ७२०४, तयार सळईचा ७२१४. क्रमांक चुकला तर कर चुकतो. सोबत मूळ बंदरावरच्या तपासणीचा दाखला लागू शकतो : या भंगारात स्फोटके किंवा किरणोत्सारी वस्तू नाहीत. कारण ते पुढे भट्टीत जाणार, आणि भट्टीजवळ माणसे उभी असतात. या कागदांतील एकही रकाना जुळला नाही तर कंटेनर बंदरात अडकतो, दिवसागणिक भाडे चढते, आणि जालन्यात भट्टी कच्च्या मालाची वाट पाहत राहते.

देशांतर्गत व्यवहारातही तीच शिस्त आली आहे. १ एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल. १ ऑक्टोबर २०२० पासून मोठ्या कंपन्यांना ई-इन्व्हॉइस, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींहून अधिक उलाढाल असलेल्यांनाही. प्रत्येक बीजकाला चौसष्ट अक्षरांचा एक ओळखक्रमांक मिळतो. विक्रेत्याचा क्रमांक, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि क्रमांक यांच्यावरून तो गणिताने निघतो. त्यातले एक अक्षर बदलले तरी संपूर्ण क्रमांक बदलतो. निमे पाचशेचा हा पणतू.

१४/
या कामात शिरण्याच्या वाटा दोन. एक बंदराची : कस्टम्स ब्रोकरच्या कार्यालयात कागदपत्रांचे काम. तेथे पायऱ्या आहेत. एच कार्ड, जी कार्ड, आणि सीमाशुल्क खात्याची परीक्षा उत्तीर्ण झालेल्याला एफ कार्ड. दुसरी कारखान्याची किंवा सॉफ्टवेअर कंपनीची : ईडीआय ॲनालिस्ट. वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवणाऱ्या वाळूज-चाकणच्या कारखान्यांना परदेशी ग्राहक 'कोणत्या दिवशी किती नग हवेत' हे ईडीआयनेच कळवतात.

पहिला लाभ मी वर म्हटलेला. वाणिज्य शाखेची पदवी, इंग्रजीचे कामापुरते ज्ञान आणि आकड्यांविषयी चिकाटी असलेला कोणीही या खोलीत येऊ शकतो. आडनाव विचारले जात नाही. ज्या मुलाच्या पणजोबांना आडत्याची चिठ्ठी दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागली, तो आज परदेशी कंपनीचा आदेश आपल्या कारखान्याच्या भाषेत उतरवतो. मुलीही या कामात आहेत. कुलूप पूर्ण उघडले असे मी म्हणणार नाही, कारण मोडीची जागा इंग्रजीने घेतली आहे. परंतु इंग्रजी शाळेत शिकता येते. पेढीवर जन्म घेता येत नसे.

दुसरा लाभ विद्येच्या आयुष्याचा. १९८७ ची वाक्यरचना आजही चालते. संगणकाच्या क्षेत्रात इतकी दीर्घायुषी कौशल्ये मोजकीच. आणि तिसरा म्हणजे दृष्टी : गोदाम, वाहतूक, कर, बँक, ग्राहक या सर्वांचे कागद एकाच टेबलावरून जातात, त्यामुळे सारा धंदा कसा चालतो हे समजते.

१५/
आव्हानेही तितकीच खरी. मानक एक असले तरी प्रत्येक मोठ्या खरेदीदाराची त्यावरची स्वतंत्र नियमपुस्तिका असते, कधी शेकडो पानांची. एकाला रकान्यात तारीख अशी हवी, दुसऱ्याला तशी. मोठी परदेशी दुकाने मालाची आगाऊ सूचना उशिरा किंवा चुकीची आली तर पुरवठादाराच्या बिलातून दंड कापतात. माल उत्तम असला तरीही. ग्राहक अमेरिकेत असेल तर अडचण मध्यरात्री येते. आणि चूक बहुधा क्षुल्लक दिसते : एक जादा मोकळी जागा, वजनाचे एकक किलोऐवजी पौंड. जालन्याचा मण आणि मुंबईचा मण, दुसरे काय.

सर्वांत जड आव्हान अदृश्यतेचे. काम बिनचूक असेल तर ते घडले हेच कोणाच्या लक्षात येत नाही; बिघडले की सर्वांना नाव आठवते. बढतीच्या वेळी 'तू नेमके काय केलेस' याचे उत्तर 'काही घडू दिले नाही' असे देणे अवघड. लग्नाच्या बैठकीत तर त्याहून अवघड.

१६/
काही घडले म्हणजे काय होते, हे २७ जून २०१७ रोजी दिसले. नॉटपेट्या नावाच्या घातक संगणकप्रणालीने मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीची यंत्रणा जगभर बंद पाडली. न्हावा-शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामही ठप्प झाले. क्रेन शाबूत होत्या, जहाजे शाबूत होती, माल शाबूत होता. कोणता कंटेनर कोणाचा, एवढेच सांगता येत नव्हते.

मर्स्कच्या यंत्रणेचा जो मूळ निर्देशकोश जगभरातल्या सर्व प्रतींसह नष्ट झाला होता, त्याची एक प्रत घानामधल्या कार्यालयात वाचली. हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेलेली होती. भारनियमनाने कोणाचे भले झाल्याचे उदाहरण मराठवाड्यातील वाचकांना पचायला कठीण, पण हे खरे आहे. पेठ गेली, परपेठेने तारले.

१७/
'हे क्षेत्र आता संपणार' हे भाकीत एक्सएमएल आले तेव्हाही झाले, एपीआय आल्या तेव्हाही. २०१८ मध्ये मर्स्क आणि आयबीएम यांनी ब्लॉकचेनवर ट्रेडलेन्स हा मंच उभारला. जहाजवाहतुकीची सारी कागदपत्रे तेथे येतील अशी आशा होती. २०२२ च्या अखेरीस तो बंद करण्याची घोषणा झाली, कारण उद्योगातील सर्वांचे पुरेसे सहकार्य मिळाले नाही. तंत्र नवे होते, भांडण जुनेच : रूळ कोणाच्या रुंदीचे? संदेशाचे वाहन बदलेल, कदाचित वेगाने. दोन अनोळखी पक्षांचे कागद जुळवून देणाऱ्याचे काम त्यामुळे संपल्याचे उदाहरण मला तरी इतिहासात सापडलेले नाही. मात्र केवळ एकाच सॉफ्टवेअरची बटणे पाठ केलेल्याची नोकरी जाऊ शकते. तार खाते बंद झाले तेव्हा कट्ट-कडकट्ट येणारे मागे राहिले, हे विसरू नये.

१८/
आता इतिहासाचा विद्यार्थी म्हणून माझी काळजी. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत. त्यांतील फार मोठा भाग जमाखर्च, पोच, याद्या असाच आहे. ज्यांनी तो लिहिला त्यांना आपण इतिहास लिहीत आहोत असे वाटले नव्हते. अठराव्या शतकातील भाव, वाटा, दुष्काळ हे सारे आपल्याला त्या रटाळ कागदांतूनच कळते.

ईडीआयचा संदेश मात्र कोणी रुमालात बांधत नाही. सीमाशुल्काची कागदपत्रे पाच वर्षे सांभाळणे बंधनकारक. त्यानंतर जागा मोकळी करणे हेच शहाणपण समजले जाते. १९९५ नंतर या देशात काय आले, काय गेले, याची एकूण आकडेवारी उरेल. परंतु एका कारखान्याचा एका ग्राहकाशी झालेला व्यवहार, त्यातली घासाघीस, नाकारलेला आदेश, दुरुस्त केलेली चूक हे सारे पुसले जाणार. १८९० मधल्या जालन्याचा एखादा आडत्या २०१० मधल्या कारखानदारापेक्षा आपल्याला अधिक ओळखीचा होण्याची शक्यता आहे.

१९/
म्हणून दोन विनंत्या. जालना, कादराबाद, अंबड, भोकरदन, परतूर येथील ज्यांच्या घरी जुन्या वह्या किंवा हुंड्या असतील, त्यांनी त्यांची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे काढावीत. केवळ दर्शनी बाजू पुरत नाही. हुंडी कोणाकोणाच्या हातून गेली याच्या नोंदी मागच्या बाजूला असतात. खोखा म्हणून फाडलेली किंवा छेद दिलेली हुंडीही टाकू नये.

आणि जे ईडीआयमध्ये काम करतात त्यांनी ग्राहकांची गुप्त माहिती वगळून आपले मॅपिंगचे जुने तक्ते, नाकारलेल्या संदेशांच्या नोंदी आणि 'हा रकाना असा का भरायचा' या स्वतःसाठी लिहिलेल्या टिपा, कंपनीची परवानगी असेल तेवढ्या, कुठेतरी ठेवून द्याव्यात. शक्य असेल तर कागदावर, आणि दोन प्रतींत.

पुढील धागा करोडगिरीच्या नाक्यांवर. कोणाच्या घरी नाक्याची जुनी पावती असेल तर जरूर कळवा.